रूफटॉप टेंट आणि नागनिकेचा जमाखर्च

अहो, ऐकलंत का? ती बादली ठेवा हो जरा खाली, कपडे काय, वाळतील नंतर. या अशा कुंपणाजवळ. पलीकडची भाऊजी-वहिनींची मंडळी आली की परत! काल रात्रीच आली. मी काही मुद्दाम खिडकीत नव्हते हं, दूध झाकायला उठले होते, तेवढ्यात गाडीचे दिवे दिसले. आणि एकच गाडी! भाऊजींचे ठाण्याचे साडू, त्यांची बायको, तो त्यांचा कानात बोंडं घातलेला मुलगा, कोणी नाही. भंडारदऱ्याहूनच परस्पर घोटीवरून कसाऱ्याच्या घाटानं ठाण्याला गेले म्हणे. जाताना ठरलं काय होतं? शेवटचा मुक्काम पुण्यात, भाऊजींच्या आईंच्या, माईंच्या हातची पुरणपोळी खायची आणि मग ठाणं. माईंनी डाळसुद्धा काढून ठेवायला सांगितली होती, आपल्या दोघींकडे येणाऱ्या बाईंनीच सांगितलं मला. ती डाळ अजून डब्यात आहे.

आता मला कुणाच्या घरात डोकवायची सवय नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण सकाळी त्यांची लेक आली ना डबा परत द्यायला, ती आर्किऑलॉजी शिकणारी. तिला म्हटलं बस, चहा घे. चहाचे दोन कप होईपर्यंत सगळं बाहेर आलं. आणि उरलेलं दुपारी वहिनींनी स्वतःच सांगितलं, 'कुणाला बोलू नका' म्हणून. तुम्ही काय कुणी परक्या आहात का?

तर काय सांगत होते... हां, तयारी. ती तर सगळ्या गल्लीनं पाहिली. भाऊजींनी तो रूफटॉप टेंट आणला नव्हता का, गाडीच्या टपावर बसतो तो? बटण काय, शिडी काय! पंधरा दिवस रोज संध्याकाळी गेटपाशी उघडून बंद करून दाखवत होते. आमच्या ह्यांना वर चढवून आडवंसुद्धा केलं होतं. हे उतरताना म्हणाले, 'छान आहे, पण खाली जमीन फुकट असताना वर कशाला झोपायचं?' तेव्हा भाऊजींचा चेहरा बघायला हवा होता. शिवाय फोल्डिंग खुर्च्या, हेडलॅम्प, दोन वेगळे टेंट, गॅसची छोटी शेगडी आणि कॉफी गाळायचं कसलंसं नळकांडं. माईंनी मात्र काय घेतलं? एक घोंगडी, एक बटवा आणि एक डायरी. त्यांना न्यायचं खरं तर ठरलंच नव्हतं. साडू म्हणाले होते, 'माईंना झेपेल का? डोंगर आहेत, लेणी आहेत.' माई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, 'लेण्याद्रीच्या पायऱ्या मी लग्नाच्या वर्षी चढले होते, तुमचा जन्म व्हायचा होता तेव्हा.' झालं. पुढची सीट माईंची.

नाताळच्या सुट्टीत निघाले. नारायणगावला मासवडी खाल्ली, ती तिथली प्रसिद्धच आहे, बेसनाच्या वड्या आणि तो झणझणीत रस्सा. साडूंनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि बिलाच्या वेळी फोन कानाला लावून बाहेर गेले. इथूनच सुरुवात झाली, असं वहिनींचं म्हणणं. लेक म्हणते, 'नाही हो काकू, सुरुवात टोलनाक्यावर झाली.' असो. बिल माईंनी भरलं, बटव्यातून, रोख. आणि डायरीत लिहिलं.

मग लेण्याद्री. माई खरंच चढल्या बरं का, तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गिरिजात्मज गणपती तुम्ही पाहिलाय, अष्टविनायकांतला डोंगरातल्या बौद्ध लेण्यात बसलेला तो एकटाच. लेक म्हणते, जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, एवढी एका ठिकाणी दुसरीकडे क्वचितच असतील. का म्हणून? तर व्यापाराची वाट तिथून जायची. व्यापारी दान द्यायचे, भिक्खू राहायचे, आणि दान कुणी दिलं ते भिंतीवर कोरून ठेवायचे. साडू म्हणाले, 'म्हणजे तेव्हाही देणगीदारांच्या पाट्या होत्या!' वहिनी पुटपुटल्या, 'देणाऱ्यांच्याच होत्या.' ऐकू गेलं सगळ्यांना.

आणि पहिली रात्र! अहो, तीच तर खरी मजा. भाऊजींनी नकाशात आधीच जागा हेरून ठेवलेली, नदीकाठची, सपाट, शेजारी हिरवंगार शेत. गाडी लावली, टप उघडला, खुर्च्या मांडल्या, कॉफीचं नळकांडं निघालं. सूर्य मावळला. तेवढ्यात मोटरसायकलीवरून एक शेतकरी आला. थांबला. गाडीकडे बघितलं, टपावरच्या तंबूकडे बघितलं, आणि म्हणाला, 'इथं कशापायी बसलाय? मागं ऊस दिसना का?' भाऊजी म्हणाले, 'ऊस आहे, मग?' तो म्हणाला, 'मग काय? बिबट्याची मादी हाय त्यात, पिल्लं घेऊन.'

काय चेहरे पडले म्हणता! जुन्नरचा बिबट्या काय नवा आहे का? धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि बिबट्यांनी उसातच घर केलं. तिथंच माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ना, जखमी झालेले, पकडलेले ठेवतात ते. पेपरात वाचतोच की आपण. पण कुणी आधी विचार केला? साडूंचा मुलगा कानातली बोंडं काढून पहिल्यांदा बोलला, 'आपण वर आहोत ना पण?' त्यावर तो शेतकरी म्हणतो कसा, 'बाळा, बिबट्या झाडावर चढतोय, तुझा टेंपो काय चीज हाय.' टेंपो म्हणाला हो! एवढी महागाची गाडी! भाऊजींना बिबट्यापेक्षा तेच जास्त लागलं असं वहिनी म्हणतात.

तर कॅम्पिंगची पहिली रात्र झाली लॉजवर, शिवनेरीच्या पायथ्याशी. दोन खोल्या. ऑनलाइन पैसे जाईनात, म्हणून पुन्हा बटवा. डायरीत दुसरी ओळ.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. तो रस्ता काय सुंदर आहे, आपटाळ्याकडून जातो तो! चावंड दिसतो, हिरड्याची झाडं दिसतात, आणि शेवटी घाटघर. पुढे एकदम जमीन संपते आणि खाली कोकण. पावसाळ्यात तिथं धबधबा उलटा वर उडतो, त्याचे व्हिडिओ तुम्हीच मला पाठवले होते. डिसेंबरात धबधबा नाही, पण वारा तोच. भाऊजींनी त्या पठारावर टप उघडला. लेक म्हणते, उघडला नाही, उघडला गेला. एक दोरी सुटली, कापड फडफडायला लागलं, आणि भाऊजी शिडीला लटकून 'खुंट्या आणा, खुंट्या' ओरडतायत. आता टपावरच्या तंबूला खुंट्या कुठे ठोकणार? साडू खुर्चीत बसून व्हिडिओ काढत होते. तो व्हिडिओ ठाण्याच्या ग्रुपवर गेलाय म्हणे, आणि वहिनींच्या बहिणीनं त्यावर हसणारी बाहुली टाकलीय. सख्ख्या बहिणीनं! वहिनींनी तो भाग मला दोनदा सांगितला.

शेवटी घाटघरच्या एका घरी सोय झाली. बायका पडवीत झोपल्या, माई घोंगडीवर. पुरुष मात्र हट्टानं टपावरच. मध्यरात्री साडूंना खाली उतरायची पाळी आली. थंडी, अंधार, हेडलॅम्प सापडेना. शिडीच्या पायऱ्या त्यांना वाटल्या होत्या त्यापेक्षा एकानं कमी निघाल्या, आणि ते सरळ गवताच्या ढिगात. घरची म्हातारी आतून ओरडली, 'कोण रं? बैल सुटला का?' माईंनी आतून सांगितलं, 'नाही हो, आमचाच आहे.' इथं लेकीला हसू आवरेना, चहा सांडला माझ्या टेबलावर.

तर काय सांगत होते... नाणेघाट. आता हे नीट ऐका, कारण पुढचं भांडण कळायला हे लागेल. घाटमाथ्यावर तो भलाथोरला दगडी रांजण आहे ना, त्यात जकात टाकायचे म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात माल उतरायचा, बैलांवर लादून या घाटानं वर जुन्नरला, तिथून पुढे पैठणला. वर आलं की टोल भरा. साडू रांजणाला हात लावून म्हणाले, 'बघा, दोन हजार वर्षं झाली, टोल काही सुटत नाही!' सगळे हसले. माई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'भरणारा कुणीतरी असतो म्हणून चालतं ते.'

मग गुहेत गेले. बाहेरून वाटतं काय, साधी खोदलेली खोली, वाटसरूंनी टेकायची. पण आतल्या भिंती बघाव्यात. डाव्या-उजव्या भिंतीवर ओळीच्या ओळी ब्राह्मीत कोरलेल्या, भाषा प्राकृत. लेकीनं टॉर्च तिरपा धरून दाखवलं, तसं अक्षर उठून दिसतं म्हणे. तो लेख सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा. सातकर्णी राजाची बायको. नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना, कारभार तिनंच पाहिला असं मानतात. आणि त्या लेखात काय आहे? तुम्हाला वाटेल लढाया, शौर्य, दिग्विजय. छे हो! यज्ञांची यादी आहे आणि पुढे दक्षिणेचा हिशेब. राजसूय केला, अश्वमेध दोनदा केला, आणि कुठल्या यज्ञाला काय दिलं ते सगळं. अग्न्याधेयाला बारा गाई आणि एक घोडा. दुसऱ्या एका यज्ञाला १,७०० गाई आणि १० हत्ती. कुठे २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. एवढंच नाही, बघायला आलेल्यांना आणि नोकरचाकरांना काय वाटलं तेसुद्धा. घरातल्या गड्यामाणसांची बक्षिसी भिंतीवर कोरून ठेवणारी बाई! आणि त्यात गंमत अशी की 'बारा' असा शब्द कोरलाय आणि पुढे लगेच १२ चा आकडा. आपण चेकवर अक्षरी आणि अंकी लिहितो ना, अगदी तस्सं. लेक म्हणते, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या आकड्यांत त्या भिंतीवरचे आकडे धरतात. मुंबईचे भगवानलाल इंद्रजी होते ना मोठे पंडित, त्यांनी या लेखांवर फार मेहनत घेतली, असंही सांगत होती. आणि त्यांच्याही आधी कर्नल साइक्स म्हणून कुणी साहेब येऊन अक्षरं बघून गेला होता.

आणखी एक. मागच्या भिंतीवर पूर्वी पुतळे होते. घराण्याचे. वर नावं कोरलेली, सिमुक सातवाहन, मग देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, मग कुमार, मग महारठी. एकेका डोक्यावर एकेकाची पाटी. आता पुतळे गेले, पायांच्या खुणा कुठे कुठे, आणि पाट्या तेवढ्या जागेवर. माई बराच वेळ बघत बसल्या म्हणे. मग म्हणाल्या, 'फोटो गेले आणि जमाखर्च राहिला.' आणि बटव्यातून डायरी काढून तिथंच, त्या गुहेतल्या बाकावर बसून, आदल्या रात्रीचे घाटघरच्या जेवणाचे पैसे लिहिले. अंकी. आणि पुढे अक्षरी!

वहिनी म्हणतात, त्यांच्या तेव्हाच मनात आलं की आता काहीतरी होणार.

मधलं मी भरभर सांगते, माझी कणीक भिजतेय. ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनईला गेले, हरिश्चंद्रगडाच्या त्या सोप्या वाटेला. आमचे हे तरुणपणी खिरेश्वरकडून टोलारखिंडीनं चढले होते, ते अजून सांगतात, पण पाचनईची वाट सुखाची. वनखात्याच्या नाक्यावर माणशी पैसे भरायचे. साडूंनी फोन वर धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला. 'रेंज नाही हो, यूपीआय होईना.' भाऊजींचं पाकीट गाडीत. नाक्यावरचा पोरगा माईंकडे बघूनच हसला, त्याला न सांगता कळलं. बटवा.

माई खालीच थांबल्या, ज्यांच्याकडे जेवण सांगितलं होतं त्यांच्या ओटीवर. बाकीचे वर. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ बघितलं, त्या आवारातल्या कोनाड्यांच्या पुष्करणीवर फोटो झाले. लेकीनं चांगदेवांचं सांगितलं, त्यांनी 'तत्त्वसार' तिथं लिहिला, चौदाव्या शतकात. आणि मग केदारेश्वराची गुहा. तिथं तर तुम्हाला माहितीय, ते प्रचंड शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी, आणि चारांतला एकच खांब शाबूत. तो पडला की जग बुडणार अशी समजूत. साडू आदल्या दिवसापासून सांगत होते, मी ठाण्याला रोज सकाळी बर्फाच्या पाण्यात बसतो, श्वासावर कंट्रोल पाहिजे, वगैरे वगैरे. उतरले की हो पाण्यात! आणि उतरले तसे बाहेर. तोंडातून शब्द निघेना, फक्त 'हू हू हू'. आणि थरथरत आधाराला कुठे गेले? त्या एकुलत्या एक खांबाकडे! शेजारी दर्शनाला आलेल्या गावातल्या बायका ओरडल्या, 'अवं दादा, त्यो नगं, त्यो नगं!' जग थोडक्यात वाचलं म्हणायचं.

कोकणकड्यावर मात्र सगळे गप्प झाले म्हणे. तो आतून कोरल्यासारखा वाकलेला कडा आणि खाली ते खोल खोल. नाणेघाटातल्या अक्षरांपाशी ज्याचं नाव निघालं, त्याच साइक्सचं नाव इथंही! धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं ना, इंद्रवज्र म्हणतात, मधोमध स्वतःचीच सावली, ते त्या साहेबाला इथं दिसलं होतं. आमच्यांना काही दिसलं नाही. ऊन स्वच्छ होतं. साडू म्हणाले, 'एवढं चढून आलो आणि काहीच नाही?' यावर भाऊजी म्हणाले, 'त्याचेही पैसे माईंनीच दिले असतील.' झालं! पहिल्यांदा भाऊजी बोलले. साडूंचं तोंड एवढंसं झालं. आणि वहिनींची बहीण लगेच, 'म्हणजे काय भाऊजी? असं बोलून दाखवायचं?' खाली उतरेपर्यंत दोन गट, एक पुढे एक मागे.

आणि खाली माई काय करत होत्या? मजेत! ओटीवर बसून घरच्या बाईंबरोबर वाल सोलत होत्या. नागलीच्या भाकरीचं पीठ कसं मळायचं ते शिकल्या. त्या बाईंनी राहीबाई पोपेऱ्यांचं सांगितलं, याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, शाळा न शिकलेल्या, पण गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्यांना. माईंनी लगेच घेवड्याचं थोडं बी मागून घेतलं. बदल्यात आपल्या बटव्यातलं जायफळ दिलं. हेही डायरीत आहे, लेकीनं पाहिलंय. 'घेवडा बी मूठभर, जायफळ एक.'

तर काय सांगत होते... भंडारदरा. तिथं पोचेपर्यंत दोन्ही गाड्यांत बोलणं बंद. राजूरला पेढ्यांसाठी थांबले, तर दोन गाड्यांनी दोन वेगळी खोकी घेतली. आता याच्यापेक्षा उघड काय हवं?

रतनवाडीला पाण्याच्या काठी तंबू असतात भाड्यानं, गावातलीच मुलं लावतात, जेवणासकट. विल्सन धरणाचा जलाशय तो, १९२६ साली पुरं झालेलं धरण, तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं. समोर रतनगड, मागे कळसूबाईची रांग, कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. आणि भाऊजींच्या टपाची खिट्टी नाणेघाटापासून वाकडी झालेली, तो उघडेचना. अहो, पंधरा दिवस गेटपाशी उघडबंद! शेवटी त्यांनी स्वतःच जाऊन भाड्याचा तंबू घेतला. तो लावणारा मुलगा गाडीकडे बघून निष्पापपणे म्हणाला, 'साहेब, वरचं काय आहे? सोलर?' वहिनी म्हणतात, भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत. लेक म्हणते, जेवले, पण पेढे नाही खाल्ले.

सकाळी अमृतेश्वराला गेले. ते देऊळ मी पाहिलंय, तुम्ही नक्की बघा. शिलाहारांच्या झंझ राजानं बांधलं म्हणतात, हजार वर्षांहून जुनं. दगडावर काय काम आहे, नुसतं बघत राहावं. पावसाळ्यात पिंडीपर्यंत पाणी चढतं. प्रवरा तिथूनच रतनगडावरून येते. त्या झंझ राजानं म्हणे गोदावरी आणि भीमेच्या मधल्या बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, अशी सांगोवांगी गोष्ट आहे. साडू म्हणाले, 'बारा? एवढा खर्च कुणी केला?'

माई पुष्करणीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'खर्चाचा विषय निघालाच आहे तर ऐका.' आणि डायरी उघडली.

अहो, वाचली! मोठ्यानं! मासवडी, लॉज, घाटघरची जेवणं, वनखात्याची पावती, पाचनईचं जेवण, सरबतं, डिझेल दोनदा. प्रत्येक ओळीला तारीख, आकडा, पुढे अक्षरी. कुणी दिले, तर माईंनी. कुणी द्यायचे, तर कुणाकडे किती. साडू म्हणाले, 'माई, घरचाच हिशेब, त्यात काय एवढं वाचायचं?' माई म्हणाल्या, 'राणीनं कोरून ठेवला, मी नुसता वाचतेय.' देवळात आलेले चार अनोळखी लोकसुद्धा थांबून ऐकत होते.

वहिनींना वाटलं, बरं झालं, मेव्हण्याला चांगला धडा. पण थांबा! माईंनी पान उलटलं. म्हणाल्या, 'आता माझ्या मुलाचं.' भाऊजींनी निघायच्या आधीच सामायिक खर्चाची यादी दिली होती ना दोन्ही घरांना? त्यात काय घातलं होतं माहितीय? टपावरच्या रॅकची बसवणी! आपल्या गाडीची! अर्धी साडूंच्या माथी! माईंनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, 'हा खर्च सहलीचा नाही, हौसेचा. काट मारली आहे.' वहिनी मला सांगतात, 'मला तर माहीतच नव्हतं हो.' मी काही बोलले नाही. तुम्हाला काय वाटतं, माहीत नसेल? चेहरा मात्र वहिनींचा असा उतरला होता म्हणे, लेकीनंच सांगितलं, की रतनगडाचं नेढं दाखवायचं राहून गेलं.

साडूंनी पैसे दिले. रतनवाडीत रेंज आली होती ना, आता काय सबब सांगणार? पैसे गेले, 'टिंग' वाजलं, आणि गाडी सुरू करून घोटीच्या वाटेला लागले. बहिणीनं काच खाली केली, माईंना नमस्कार केला, वहिनींकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तुम्हाला सांगते, मला विचाराल तर चूक दोघांचीही आहे. एकानं खिशात हात घातला नाही, दुसऱ्यानं आपला खर्च दुसऱ्याच्या खिशात घातला. दोघं सारखेच, म्हणून तर साडू.

पण जागा हो, जागा काय सुंदर! आपण परदेशातले अवशेष बघायला कर्ज काढून जातो, आणि इथं पुण्याहून दोन-तीन तासांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीचं हस्ताक्षर नसलं तरी तिचा शब्द आहे, कुणी तिकीटही मागत नाही. त्या भिंतीवर आजकालच्या लोकांनी बदाम काढून आपली नावं लिहिलीयेत म्हणे खडूनं. लेकीला रडूच यायचं बाकी होतं. ज्यांनी १० हत्ती दिले त्यांनी नाव कोरावं, यांनी काय दिलं? तर तुम्ही जाल तेव्हा मुलांना आधीच बजावा, भिंतीला हात नाही लावायचा. उसाशेजारी तंबू नाही टाकायचा. गडावर राहायचं तर आधी वनखात्याला आणि गावात विचारायचं, नियम बदलत असतात. रोख पैसे जवळ ठेवायचे, तिथल्या बायकांच्या हातात ते थेट पडतात हेही बरं. आणि वर्गणी निघायच्या आधी गोळा करायची.

माईंचं तर पुढचं ठरलंसुद्धा. पावसाच्या तोंडाशी, मे अखेर ते जून, भंडारदऱ्याच्या रानात काजवे पेटतात ना झाडंच्या झाडं, ते बघायला. फक्त बायका. टपावरचा टेंट नाही, गाणी नाहीत, टॉर्चही नाही, काजव्यांना त्रास होतो. मुक्काम गावातल्या घरी. मी माझं नाव घातलंय, पैसेही देऊन आले, माईंनी डायरीत अंकी आणि अक्षरी लिहून घेतले, खाली माझी सही. तुमचं घालू का? संध्याकाळपर्यंत सांगा. आणि रोख आणा, माई यूपीआय घेत नाहीत.